वाळूतून वर आलेली ‘बॅब्स’

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीवर नवा पूल लागतो. जुना दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. हरवलेल्या गाड्या सापडाव्यात म्हणून माणसं किती दिवस काठावर थांबतात, हे इथे सांगावं लागत नाही. म्हणूनच वेल्समधल्या ‘बॅब्स’ची गोष्ट इथे जवळची वाटते.

‘बॅब्स’ ही 27 लिटरचं विमानी इंजिन बसवलेली वेगविक्रमाची गाडी. तिचा पहिला मालक, काउंट झ्बोरोव्स्की, 1924 साली शर्यतीत गेला. मग पॅरी-थॉमसने ती घेऊन सुधारली आणि एप्रिल 1926 मध्ये पेंडाइनच्या किनाऱ्यावर ताशी 171 मैलांचा विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत कॅम्पबेलने तो मोडला. 3 मार्च 1927 रोजी विक्रम परत मिळवण्याच्या धावेत गाडी उलटली आणि थॉमस गेला. गाडी तिथेच वाळूत पुरली. चाकं फिरवणारी साखळी तुटली आणि तिनेच जीव घेतला, अशी समजूत रूढ झाली.

1969 साली ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकाने ती उकरून काढली. मेलेल्या माणसाची खूण उकरावी का, यावर वाद झाला. दुरुस्तीला वर्षानुवर्षं लागली, पण इंजिन पुन्हा धडधडलं. शिवाय अवशेष तपासल्यावर संशय साखळीवरून मागच्या उजव्या चाकाकडे वळला.

पुरलेली गाडी स्मारक असते, हे खरं. पण तिच्यासोबत अपघाताचं कारणही पुरलं जातं.