पुण्याची मैदाने आणि त्यांच्या मुदती

शहराचा इतिहास सांगावयास बसले की आपण वाडे, देवळे, पूल आणि लढाया यांची नावे घेतो. शहरात जी जमीन मोकळी राहिली, तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. मोकळी जागा म्हणजे जेथे काही घडले नाही ती जागा, अशी आपली समजूत असते. परंतु वाढत्या शहरात कोणतीही जमीन आपोआप मोकळी राहत नसते. कोणी हुकूम काढतो, कोणी पट्टा करून देतो, कोणी नकाशावर रंग भरतो, तेव्हा कोठे ती बांधकामापासून वाचते. पुण्यातील अशा जमिनी कोणी, कोणासाठी आणि किती काळापुरत्या राखल्या, याचा विचार आज करावयाचा आहे. आणि तो करताना गोल्फच्या मैदानाचे उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवणार आहे.

हेच उदाहरण घेण्याचे कारण सोपे आहे. एका खेळाडूमागे इतकी जमीन मागणारा दुसरा खेळ सापडणे कठीण. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे १७६४ साली खेळाची फेरी अठरा खळग्यांची झाली आणि पुढे तोच प्रघात जगभर रूढ झाला. खळग्याचा व्यास अवघा सव्वाचार इंच. परंतु असे अठरा खळगे सोयीच्या अंतरावर मांडावयाचे म्हणजे पन्नास-साठ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वाशे ते दीडशे एकर जमीन लागते. इंग्रजांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आणि मुंबईचा १८४२ सालचा. ब्रिटनबाहेर कलकत्त्याइतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाही.

पुण्यास या खेळाला लागणारी जमीन मिळाली ती लष्कराच्या आगमनाने. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर शहराच्या पूर्वेस व खडकीस छावण्या वसल्या. छावणीची आखणी पेठांच्या आखणीहून सर्वस्वी निराळी होती. पेठेत वाड्याला वाडा लागून. छावणीत बंगल्याभोवती ऐसपैस आवार, रुंद रस्ते, कवायतीचे पटांगण आणि १८३० पासून घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. छावणीतील पुष्कळशा बंगल्यांखालची जमीन सरकारचीच राही. राहणाऱ्याचा हक्क काय तो इमारतीपुरता. सैन्याची सोय आणि आरोग्य पाहून कोठे बांधावे व कोठे बांधू नये हे अधिकारी ठरवीत. नगररचना हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीच जमिनीच्या वापराचे कडक नियमन येथे चालू होते, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्या नियमनात रयतेचे मत कोठेच नव्हते.

पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्यास मुक्कामाला येत. गणेशखिंडीचा त्यांचा प्रासाद १८६४ साली बांधावयास घेतला गेला. त्यांच्यामागे अधिकारी, व्यापारी आणि संस्थानिक येत. शर्यती, पोलो आणि मेजवान्या यांचा हंगाम भरे. १८८६ साली पूना क्लब निघाला. पुण्याचे गोल्फचे मैदान नदीपलीकडे येरवड्यास आहे. येरवडे त्या काळी शहराच्या हद्दीबाहेरचे गाव. आपल्या दख्खनच्या माळावर हिरवळ टिकते ती पावसाळ्याचे चार महिने. पुढे उन्हाळ्यात गवत करपते. म्हणून कोरड्या मुलखातील पुष्कळ जुन्या मैदानांवर खळग्याभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली रेती अंथरीत आणि त्या जागेस हिरवळ न म्हणता ‘ब्राउन’ म्हणत. पाणी नसेल तेथे खेळाने आपले रूप बदलावे, हा त्या जुन्या रीतीतला शहाणपणा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

छावणी अशी प्रशस्त होत असता शहर मात्र दाटत चालले होते. १८९७ साली प्लेगने पेठांमध्ये जो हाहाकार उडविला, त्याने दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंडलेली हवा यांचा प्रश्न उघडा पाडला. पाश्चात्त्य देशांतही हाच प्रश्न होता. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १८९१ साली भागाभागांनुसार बांधकामाचे वेगळे नियम केले. इंग्लंडात नगररचनेचा कायदा १९०९ साली झाला. न्यूयॉर्कने १९१६ साली सबंध शहराचे पट्टे पाडून कोठे काय बांधावे हे ठरविले. मुंबई इलाख्याने १९१५ सालीच नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानातील हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा होय.

या कायद्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. एखाद्या भागातील वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या, उरलेल्या जमिनीचे सुबक तुकडे पाडून ते मूळ धन्यांस परत करावयाचे, आणि योजनेमुळे जी किंमत वाढेल तिचा काही हिस्सा खर्चापोटी वसूल करावयाचा. जमीन मोकळी राहते ती सरकारी हुकुमाने नव्हे, तर सर्व धन्यांनी थोडे थोडे सोडल्याने, हे या योजनेचे तत्त्व. भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथे अशी योजना झाली. तेथील मिळकतींच्या कागदांवर अंतिम भूखंडाचा जो क्रमांक आढळतो, तो तिचाच अवशेष आहे.

याच सुमारास खेळाच्या जागेवर आपलाही हक्क आहे, ही जाणीव एतद्देशीयांत वाढत होती. त्या काळच्या अनेक युरोपियन क्लबांत हिंदी माणसास प्रवेश नसे. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला, त्यामागे आपल्या तरुणांस मैदान मिळावे हीच तळमळ होती. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले, त्या उद्योगाची सुरुवात दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने याच जिमखान्याच्या सामन्यांतून झाली. पुढे एका शतकाने, २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने हा गोल्फ खेळला. मैदान असले म्हणजे खेळाडू निपजतो, हे दोन्ही प्रसंगी दिसून आले. तेव्हा गोल्फ हा मूठभर धनिकांचा षोक आहे एवढे म्हणून प्रश्न निकालात काढता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली पुणे महानगरपालिका झाली आणि अवतीभवतीची गावे शहरात आली. १९५४ च्या कायद्याने सबंध शहराचा विकास आराखडा करणे नगरसंस्थांवर बंधनकारक केले; १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ती व्यवस्था पक्की केली. पुण्याचे आराखडे १९६६, १९८७ आणि २०१७ या साली मंजूर झाले. त्यांत शाळा, दवाखाने, उद्याने आणि क्रीडांगणे यांसाठी जागा राखून ठेवल्या. नकाशा पाहिला तर मन प्रसन्न व्हावे, इतकी मैदाने त्यावर दाखविलेली असतात.

परंतु श्रोतेहो, याच अधिनियमात १२७ वे कलम आहे. राखून ठेवलेली जागा दहा वर्षांत संपादन केली नाही, तर धनी नोटीस देऊ शकतो. आणि नोटिशीनंतर ठराविक मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. धन्याच्या बाजूने पाहता ही तरतूद न्याय्यच आहे. पैसे द्यावयाचे नाहीत आणि जमीनही वापरू द्यावयाची नाही, असे सरकारने कोणास किती काळ टांगून ठेवावे? पण मुलांच्या बाजूने पाहता तिचा अर्थ असा की, महापालिकेच्या तिजोरीत वेळेवर पैसा आला नाही तर नकाशावरचे क्रीडांगण एके दिवशी निमूटपणे पुसले जाते. त्याला ना कोणी खेळाडू असतो, ना माळी, ना सभासद. न्यायालयात त्याच्या वतीने उभा राहणारा कोणी नसतो.

येथे एक विचित्र विरोध दिसतो. थोड्यांसाठी राखलेली मैदाने टिकली. सर्वांसाठी योजलेली मैदाने पुष्कळदा कागदावरच राहिली. शर्यतीचे मैदान आहे, येरवड्याचे गोल्फचे मैदान आहे, गव्हर्नरांच्या गणेशखिंडीचे चारशे अकरा एकरांचे आवार १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे येऊन बव्हंशी हिरवे राहिले आहे. या प्रत्येक जागेस वापरणारा होता, राखणारा होता. निव्वळ रंगाने जमीन राखली जात नाही, हा धडा यातून मिळतो.

रंगाचा दुसराही एक दोष आहे. नकाशावरचा हिरवा रंग कोणाचे पोट जाळतो आणि कोणाचे भरतो, हे सांगत नाही. २०२० साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तीत शेतीच्या पट्ट्यातही गोल्फच्या मैदानास मुभा आहे. बांधकाम थोडे, गवत पुष्कळ, म्हणून ते शेतीच्या पंक्तीस बसले. परंतु महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन दीड हेक्टरांहून कमी आहे. म्हणजे अठरा खळग्यांच्या एका मैदानाखाली तीसांहून अधिक कुटुंबांची शेती जाऊ शकते. शिवाय बारमाही हिरवळीला रोज लाखो लिटर पाणी लागते. खडकवासल्याच्या साखळी धरणांचे पाणी पुण्यासही हवे आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या उभ्या पिकांसही हवे. या ओढाताणीत तिसरा वाटेकरी उभा करण्यापूर्वी विचार झाला पाहिजे. गोव्याच्या उत्तर टोकास तेरेखोल गावी गोल्फच्या मैदानासह विश्रामस्थान उभारण्याची योजना निघाली, तेव्हा कुळांच्या जमिनीचा प्रश्न असाच पुढे आला. कुळकायद्याने मिळालेली जमीन शेतीवाचून अन्य कामास लावू नये, असा गोव्याचा १९९१ चा कायदा आहे. हिरवळ आणि शेत यांतला जो भेद नकाशाचा रंग सांगत नाही, तो त्या कायद्याने शब्दांत सांगितला.

मग नियम कसा असावा? मला वाटते, मैदानास परवानगी देताना चार गोष्टी लिखित असाव्यात. पाणी सांडपाणी शुद्ध करून घेतलेले असावे, पिण्याचे वा पिकाचे नसावे. भरकटलेला चेंडू रस्त्यावरच्या माणसास लागू नये एवढे अंतर व झाडी कडेने राखावी. ओढे आणि गावच्या पूर्वापार पायवाटा बुजवू नयेत. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जमीन सार्वजनिक असेल तर पट्ट्याची मुदत स्पष्ट असावी, आणि ती संपण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

या मुदतीचे महत्त्व मुंबईने नुकतेच दाखविले. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा पट्टा १९१४ साली नव्व्याण्णव वर्षांचा झाला होता. तो २०१३ साली संपला. पुढे दहा-अकरा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २०२४ साली दोनशे अकरा एकरांपैकी एकशे वीस एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यावयाचे व उरलेले क्लबाकडे ठेवावयाचे असे ठरले. ही वाटणी सर्वांस रुचली असे नाही. तथापि मैदान अखंड मूठभरांकडे राहावे किंवा त्यावर इमारती उभ्या राहाव्यात, या दोहोंखेरीज तिसरा मार्ग निघू शकतो, एवढे तिने सिद्ध केले.

आरक्षणाची मुदत संपली की लोकांचे मैदान जाते. पट्ट्याची मुदत संपली की लोकांस मैदान मिळण्याची संधी येते. दोन्ही तारखा सरकारी दप्तरात लिहिलेल्या असतात आणि मागितल्यास पाहावयास मिळतात. पुण्याच्या प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी आपल्या भागातील राखीव जागांची यादी आणि त्यांची दहा वर्षे केव्हा भरतात हे आपल्याजवळ लिहून ठेवावे. पेठांना प्लेगच्या वर्षी जो धडा मिळाला, तो पुन्हा शिकण्यापेक्षा हे काम पुष्कळच सोपे आहे.