कानाशी आलेला आवाज

हेडफोनला साजेसा अँप्लिफायर कोणता, हे आपण आज सहज विचारतो. १९१० साली बिनतारी यंत्राला जोडावा असा अँप्लिफायरच नव्हता! एरिअलवर उतरेल तेवढ्या क्षीण विजेवरच ऐकायचे. अमेरिकेतील युटा संस्थानात नॅथॅनिएल बाल्डविनने चक्क स्वयंपाकघरात असे हेडफोन घडविले, की ती कुजबुजही ऐकू यावी. आरमाराने ते उचलले. पुढे निर्वात नळीने आवाज वाढविला आणि हेडफोनची ती काटकसर सुटली. तेव्हापासून जोडी जुळविणे आपल्या माथी आले. ३२ ओहमच्या इअरफोनला दाब थोडा पुरतो, प्रवाह मात्र हवा. ६०० ओहमच्या हेडफोनला दाबच अधिक लागतो. शिवाय अँप्लिफायरचा स्वतःचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा संकेत आहे. दुकानात किंमत सारे विचारतात, हा आकडा क्वचितच कोणी.