दुर्गाबाई खोटे : एका कमावत्या बाईचा इतिहास



जिनिंगच्या गेटवर सभा घेणाऱ्या माणसाला एका नटीवर बोलायला का उभे केले, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात गैर काही नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात झाले. तेथेच 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र हाती लागले. आम्ही ते नटीचे म्हणून न वाचता कमावत्या बाईचे म्हणून वाचले.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातला. इंग्रजी शाळा, सेंट झेवियर कॉलेज, मग तालेवार खोट्यांशी सोयरीक. पण सासरची श्रीमंती ओसरली आणि सुनेला कमवायला बाहेर पडावे लागले. १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रात त्यांनी लहानसे काम केले. खानदानी बाई पडद्यावर गेली म्हणून केवढा गहजब झाला! घरातल्या घरात उपाशी राहिली असती तर कोणी चकार शब्द काढला नसता.

दुसऱ्याच वर्षी कोल्हापुरास प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले होते. हे आम्ही एकदा कापूस वेचणाऱ्या बायांच्या बैठकीत सांगत होतो. तारामती बाजारात विकली जाते, येथवर आलो तोच एक म्हातारी म्हणाली, "अन् तिचे पैसे कोनाच्या हाती पडले, भाऊ?" विश्वामित्राच्या दक्षिणेत गेले, असे आम्ही सांगितले. म्हातारीने नुसती मान हलवली.

दुर्गाबाईंनी मात्र आपल्या कामाचे पैसे आपल्याच हाती ठेवले. त्या काळी नटनटी कंपनीचे पगारी नोकर असत; करार संपेपर्यंत दुसऱ्याच्या दारात जायचे नाही. बाईंनी स्वतःला एकाच कंपनीशी बांधून घेतले नाही. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा', १९३४ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी 'सीता', आणि १९३६ मध्ये पुन्हा प्रभातमध्ये 'अमरज्योती'. त्यातली सौदामिनी पोटच्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर बंड करून चाचेगिरी पत्करते. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन दोन मुलगे पदरी राहिलेल्या बाईंच्या हातून ती भूमिका वठली, यात नवल नाही.

त्याच चित्रात शांता आपटेही होत्या. पुढे १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले. एक बाई फाटकातून सरळ बाहेर पडली, दुसरी फाटकावर बसली. आम्हाला, धंद्याच्या सवयीने म्हणा, दुसरी जवळची वाटते. नाव झालेल्याला दहा दारे उघडी असतात. ज्याच्याकडे गाडीभर चांगला कापूस आहे तो हव्या त्या जिनात जाईल, पण किलोवर कापूस वेचणारीने कोठे जावे? स्टुडिओत दिवे उचलणाऱ्यांचेही तेच होते. तरीपण दुर्गाबाईंनी पाडलेली वाट खोटी ठरत नाही. आज नटनटी चित्रागणिक करार करतात, ती रीत रूढ होण्यापूर्वीच त्या तिने चालल्या.

१९३७-३८च्या सुमारास 'साथी' या चित्राने त्या निर्मितीत उतरल्या. पहिल्या नव्हेत, १९२६ मध्येच फात्मा बेगम यांनी आपली कंपनी काढली होती. पुढे फॅक्ट फिल्म्समार्फत दुर्गाबाईंनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढले. लोकांच्या ध्यानात राहिली ती १९६० ची 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई. १९६८ ची पद्मश्री आणि १९८३ चा फाळके पुरस्कार सर्वांना ठाऊक आहेत. पण चित्रांचा हिशोब, कामगारांचे पगार, उधारी-वसुली हे काम टाळ्यांवाचूनचे, आणि तेही त्यांनी अनेक वर्षे केले.

बाई २२ सप्टेंबर १९९१ रोजी अलिबागला निवर्तल्या. त्याआधी तीन वर्षे, १९८८ मध्ये, दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागे. कथाकल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचे. शेजाऱ्याच्या ओसरीवर उभे राहून आम्ही एका कारकुनाची महिनाअखेरची ओढाताण पाहत होतो. ती मालिका दुर्गाबाईंच्या कंपनीची, हे आम्हाला फार उशिरा कळले. तेव्हा त्यांचे वय ८३ होते.