गाडी दुसऱ्याने लावली, चलान आपल्या नावावर: आरसीवर नाव असलेल्याने काय करावं?

मोबाइलवर मेसेज येतो. एमएच-१५ अमुक तमुक या गाडीवर नो पार्किंगचं चलान, दंड ५०० रुपये. गाडी आज घरातून हललेली नाही, किंवा ती भाचा घेऊन गेला होता, किंवा दोन वर्षांपूर्वीच विकून टाकलेली आहे. भद्रकाली, दूधबाजार, चौक मंडई या भागात गाडी लावायला जागा मिळणं मुश्किल, आणि जुम्म्याच्या दुपारी तर विचारूच नका. त्यामुळे अशी चलानं येत राहतात आणि बहुतेक जण ‘जाऊ द्या’ म्हणत पैसे भरून टाकतात. चूक खरीच झाली असेल तर भरावेतच. पण नसेल झाली, तर भरण्याआधी एवढं बघा: पैसे कोण मागतंय आणि कोणत्या अधिकाराने?

हे बघायचं कारण असं की ‘पार्किंगचा दंड’ या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक पोलिसांचं चलान. दुसरी, खासगी पार्किंगवाल्याने किंवा ठेकेदाराने मागितलेली रक्कम.

आधी खासगी पार्किंगवाला

मॉल, दवाखाना, मंगल कार्यालय किंवा एखादं खासगी मैदान. तिथे पावती घेऊन गाडी लावली की तो झाला साधा करार, १८७२ च्या भारतीय करार कायद्याखालचा. हा करार गाडी लावणाऱ्याशी होतो, आरसीवर नाव असलेल्याशी नाही. ब्रिटनमध्ये चालक कोण हे कळलं नाही, तर खासगी पार्किंग कंपनी काही अटींवर गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागू शकते. तशी तरतूद तिथे २०१२ च्या कायद्याने केली आहे. तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून इथेही तसंच असेल, असं समजू नका. मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद नाही.

पार्किंगवाला ठरलेलं भाडं मागू शकतो. दंड लावण्याचा अधिकार त्याला नाही, तो सरकारचा. ‘टोकन हरवल्यास २०० रुपये दंड’ असं पावतीवर छापलेलं असतं. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास वाजवी भरपाईच मागता येते आणि छापलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. टोकन कशासाठी? गाडी भलत्याने नेऊ नये म्हणून. तुम्ही आरसी आणि ओळखपत्र दाखवून गाडी आपली असल्याचं सिद्ध केलंत, तर त्याचं नुकसान झालं किती, हे त्यालाच शांतपणे विचारा. अडवून धरलंच तर ११२ ला फोन करा. पैसे द्यावे लागले तरी पावती घेतल्याशिवाय देऊ नका. त्या पावतीवर पुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही.

मॉलने पार्किंगचं भाडं तरी घ्यावं का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉलना असा अधिकार नाही असं म्हटलं, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेता येतं असा निकाल दिला. यातला कोणताही निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, तेव्हा फाटकावर त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

जागा महापालिकेची आणि ठेकेदार खासगी असेल तर दराचा फलक बघा, फोटो काढा. फलकच नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ठेक्याचा करारनामा आणि मंजूर दर मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

आता पोलिसांचं चलान

रस्त्यावर अडथळा होईल अशी गाडी उभी करण्याबद्दलचं कलम १२२. त्यात जबाबदारी टाकली आहे ती गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर. पण चलान निघतं गाडीच्या नंबरावर आणि नंबर नेतो थेट आरसीवरच्या नावाकडे. आपण चालवत नव्हतो एवढं म्हणून सुटका होत नाही. कलम १३३ नुसार अधिकार दिलेल्या पोलिस अधिकाऱ्याने विचारलं तर गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती मालकाला द्यावी लागते. ती न देणं हा वेगळा गुन्हा आहे. इथे एक खड्डा आहे. ‘गाडी माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने नेली होती’ असं लिहून द्याल, तर पाचशेचा विषय कलम १९९अ मध्ये जाईल. तिथे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. खोटं लिहा असं आम्ही सांगत नाही. मुलाच्या हाती चावी देऊ नका, एवढंच सांगतो.

चलान आलं की फोटो उघडून नीट बघा. नंबर तुमचाच आहे का? गाडीचा रंग, मॉडेल जुळतं का? ठिकाण, तारीख, वेळ दिली आहे का? कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवरून निघालेल्या चलानांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत नियम १६७अ आला. त्यानुसार गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी, आणि फोटोत गुन्हा व नंबरप्लेट दोन्ही दिसायला हवेत. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असं परिपत्रकही राज्यात जुलै २०२५ मध्ये निघालं आहे. फोटोतली गाडी दुसरीच असेल, म्हणजे तुमचा नंबर लावून कुणी फिरत असेल, तर नुसती चलानाची तक्रार पुरे नाही. पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उद्या त्याच नंबरवर याहून मोठं काही घडू शकतं.

तक्रार महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर नोंदवता येते. शहर वाहतूक शाखेतही लेखी द्या. सोबत आरसी, त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा आणि फोटो जोडा. पैसे भरणं म्हणजे तडजोड करून प्रकरण मिटवणं, त्यामुळे वाद घालायचा असेल तर आधी घाला. तक्रार फेटाळली गेली तर न्यायालयात म्हणणं मांडता येतं. लोकअदालतीतही प्रकरण मिटवता येतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

टोइंगबद्दल थोडं. कलम १२७ नुसार गाडी उचलायला किंवा चाकाला कुलूप लावायला गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती मिळाली असेल तर टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. परवानगी नसेल तर नुसत्या क्रेनवाल्या पोरांना हात लावायचा अधिकार नाही.

आणि व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एखादी एपीके फाइल आली तर उघडू नका. ती चोरांची असते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

खरी अडचण आरसीची

विकलेल्या गाडीचं चलान आलं की लोक विक्रीचा कागद दाखवतात. कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात २००७ मध्ये विकलेली मोटार हातोहात पुढे गेली, नाव मात्र कुणी बदललं नाही. २००९ मध्ये तिने अपघात केला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नुकसानभरपाईची जबाबदारी पहिल्याच, नोंदणीकृत मालकावर टाकली. त्यापुढे पाचशे रुपयांचं चलान काहीच नाही.

म्हणून गाडी विकली की १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं, ही विकणाऱ्याची जबाबदारी. ‘घेणारा करील’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होऊ नका. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात एक चक्कर मारा किंवा परिवहन पोर्टलवर नाव बदललं का ते तपासा. जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो नोंदणीकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना गेली की पुढची जबाबदारी त्याची.

आपल्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो. अब्बांचा इंतकाल होऊन चार वर्षं झाली, गाडी अजून त्यांच्याच नावावर. मरहूमांच्या नावाने चलानं येतात आणि आव्हान द्यायला कुणाला हक्कच दाखवता येत नाही. नियमाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. अम्मी आणि बहिणींचाही त्या गाडीत हिस्सा आहे, त्यांच्या सह्या त्यांना विचारून, समजावून घ्या.