हिरडा, सोनामुखी आणि पथ्यविचार : जुन्नर व आंबेगाव परिसरातील रेचक औषधांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला आहे. येथील जंगलांत हिरड्याचे वृक्ष विपुल असून पावसाळ्यापूर्वी कोवळा बाळहिरडा गोळा करणे हे महादेव कोळी समाजाच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन आहे. हिरड्याचा विचार बहुधा वनोपज म्हणून केला जातो. तथापि तो मूलतः पोटाचे औषध आहे आणि प्रत्येक औषधाबरोबर दुष्परिणामांचा प्रश्न येतोच. औषधाचा व्यापार वाढत असताना त्याविषयीच्या सावधगिरीचे काय झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन ग्रंथांतील निषेध :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायन प्रकरणात, हिरड्याची मोठी प्रशंसा आढळते. परंतु अजीर्ण झालेल्यांनी, रूक्ष आहार घेणाऱ्यांनी आणि भूक, तहान वा उष्णतेने व्याकूळ झालेल्यांनी तो घेऊ नये, असेही तेथेच बजावले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात या यादीत अशक्त, कृश, उपवासाने क्षीण झालेली व्यक्ती व गर्भवती स्त्री यांचा समावेश आहे. याच ग्रंथानुसार चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटून घेतलेला कोठा साफ करतो, तर वाफवलेला मल बांधतो. एकच फळ कृतीनुसार परस्परविरुद्ध कार्य करते. म्हणजेच कृती व निषेध ही औषधाचीच अंगे मानली जात होती.

हिवऱ्याची बाग :
एकोणिसाव्या शतकात या परिसराला औषधनिर्मितीच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ ते १८४७ या काळात पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली बाग होती. तेथे सोनामुखी, खुरासनी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी औषधभांडारास पुरवठा केला जात असे. आयात औषधांवरील खर्च कमी करणे हा त्यामागील स्पष्ट हेतू होता. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले.

ही औषधे निर्धोक नव्हती. सोनामुखीने पोटात मुरडा येतो. खुरासनी ओवा पोटातील कळा शमवतो. पण मात्रा वाढल्यास तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात व रोग्यास भ्रम होतो. त्या काळी पाश्चात्त्य वैद्यकात सर्रास वापरले जाणारे कॅलोमेल हे पाऱ्याचे रेचक याहून घातक होते. त्याने लाळ गळत असे, हिरड्या सुजत व दात हलत. या तुलनेत वनस्पतिजन्य रेचके सौम्य वाटली, तरी 'सौम्य' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे.

औषधाकडून मालाकडे :
याच शतकात हिरड्याला कातडी कमावण्याच्या उद्योगातून मोठी मागणी आली. त्यामुळे फळाचा औषधी गुण व्यापाराच्या दृष्टीने गौण ठरला. स्वातंत्र्योत्तर काळात, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने वनोपजाच्या खरेदीची व्यवस्था केली, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्कास मान्यता दिली. तरीही हे उत्पन्न अनिश्चितच राहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याच्या झाडांची हानी झाली आणि भरपाईसाठी आदिवासींना आंदोलने करावी लागली.

दुसरीकडे, शहरी ग्राहकाच्या हाती हे फळ तयार चूर्णाच्या डबीतून पोहोचते. अनेक चूर्णांत हिरड्याबरोबर सोनामुखीही असते. सोनामुखीच्या दीर्घकालीन अतिवापराने शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते, तसेच मोठ्या आतड्याचे अस्तर काळसर पडते, हे आधुनिक वैद्यकाने दाखवून दिले आहे. पोटॅशियमची घट हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांना विशेष धोक्याची ठरते. 'वनौषधी असल्याने अपाय नाही' ही समजूत परंपरेतून आलेली नाही. परंपरेने तर अपायाची नोंद आधीच केली होती.

निष्कर्ष :
१. जुन्नर-आंबेगाव परिसर हा एकाच वेळी देशी औषधाचे उगमस्थान व वसाहतकालीन औषध-लागवडीचे केंद्र होता.
२. प्राचीन ग्रंथांनी गुण व निषेध एकत्र सांगितले. बाजारपेठेत गुणांना भाव आला व निषेध मागे पडले.
३. या प्रक्रियेत दोन घटकांचे नुकसान झाले. वेचणाऱ्यास फळाच्या औषधी मूल्याचा पुरेसा मोबदला मिळाला नाही आणि घेणाऱ्यास त्याच्या मर्यादांचे ज्ञान मिळाले नाही.

म्हणूनच हिरड्याचा इतिहास केवळ वनोपजाचा इतिहास म्हणून न पाहता औषधाच्या जबाबदार वापराचा इतिहास म्हणूनही अभ्यासणे आवश्यक ठरते.