२३८ चेंडू

१९९९ साल. बोरिवली पश्चिमेहून सुटलेली गोराईची बस तुम्हाला शेवटच्या थांब्यांपैकी एका थांब्यावर उतरवते. खाडीकडून वारा आला की डंपिंगचा वास नाकात भरतो. ते बंद व्हायला अजून आठ वर्षं आहेत. बसमधली निम्मी माणसं पोरंबाळं घेऊन एस्सेलवर्ल्डच्या बोटीकडे निघालीत. त्यांच्या मागे जाऊ नका. स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलकडे वळा.

या शाळेत दिनेश लाड नावाचे खेळाचे शिक्षक आहेत. दुसऱ्या शाळेकडून खेळणारा बारा वर्षांचा एक ऑफस्पिनर त्यांच्या नजरेत भरलाय. आईवडील डोंबिवलीला, मुलगा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे. या शाळेची फी महिना २७५ रुपये. घरच्यांना ती झेपणारी नाही, म्हणून लाड सर शाळेच्या संचालकांना भेटून फी माफ करून घेतात. मुलाचं नाव रोहित शर्मा. त्याच्यावर खूप लिहून झालंय आणि पुढेही लिहिलं जाईल. तुम्ही आलात ते सरांच्या मुलासाठी. सिद्धेश आता सात वर्षांचा आहे.

सात वर्षं पुढे या. २००६. पालघरचा एक मुलगा गाडीचा प्रवास करून मुंबईत क्रिकेट खेळायला येतो. रोजचं येणं-जाणं त्याला पिळून काढेल, हे ओळखून लाड सर त्याला स्वतःच्या घरात ठेवून घेतात. हा शार्दूल ठाकूर. शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारणारा. आता सरांच्या घरात दोन किट बॅगा आहेत. पुढे या दोन मुलांपैकी एक भारताकडून कसोटी खेळेल आणि दुसरा मुंबईकडून रणजी. ताटं एकाच घरात वाढली, शिकवणारा एकच. म्हणून सिद्धेशची गोष्ट मला सोडवत नाही.

फेब्रुवारी २०१६, पुण्याजवळ गहुंजे. रणजीचा अंतिम सामना, समोर सौराष्ट्र. तुम्ही रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत सावली शोधून बसा, जागा हवी तेवढी आहे. सौराष्ट्राच्या २३५ ला उत्तर देताना श्रेयस अय्यरने शतक ठोकलंय, पण मधली फळी कोसळलीय. धावफलकावर ९ बाद २६८. आघाडी फक्त ३३. एका टोकाला सिद्धेश लाड, दुसऱ्या टोकाला शेवटचा फलंदाज बलविंदर संधू.

आता नीट पाहा. तळाच्या माणसाला घेऊन खेळणं हे मुंबईच्या मैदानांवर शिकवावं लागत नाही, ते पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या ओल्या विकेटवर आपोआप अंगी येतं. षटकाच्या सुरुवातीला मोठा फटका शोधायचा, शेवटच्या चेंडूंवर एक धाव चोरून स्ट्राइक स्वतःकडे ठेवायचा. सगळं क्षेत्ररक्षण सीमारेषेवर पसरलं की दोन-दोन धावा पळायच्या. समोरच्याला सांगायचं एवढंच, ‘तू फक्त उभा राहा.’ ही शेवटची जोडी १०३ धावा जोडते. सिद्धेश ८८ वर बाद होतो, मुंबई ३७१. मग शार्दूल पाच बळी घेतो, सौराष्ट्र ११५ त गारद. मुंबईचं एक्केचाळिसावं विजेतेपद, एक डाव आणि २१ धावांनी, तेही तिसऱ्याच दिवशी. एका घरातल्या दोन मुलांनी सामना दोन टोकांनी उचललाय. हा दिवस मला फार प्रिय आहे, आणि तो पाहायला मोजकी माणसं होती याचं वाईट वाटतं.

आता रविवार, १२ नोव्हेंबर २०१७. वानखेडे. मुंबईचा रणजीतला पाचशेवा सामना. कौतुकासाठी राखून ठेवलेल्या या सामन्यात बडोद्याने ९ बाद ५७५ वर डाव सोडलाय आणि मुंबई पहिल्या डावात १७१ त संपलीय. ४०४ धावांची पिछाडी. जिंकण्याचा प्रश्नच उरलेला नाही. आता दिवसभर बाद व्हायचं नाही, बस्स.

तुम्ही पॅव्हेलियनच्या बाजूला बसा, म्हणजे पाय दिसतील. टीव्हीवर बॅट दिसते. चेंडूच्या टप्प्याकडे पाऊल पूर्ण गेलं की अर्ध्यावर थांबलं, हे मैदानावरच कळतं. फिरकी आली की बॅटभोवती माणसं गोळा होतात. चेंडू पॅडला लागून उडाला की सगळे एकदम ओरडतात, पंच मान हलवतात, आणि फलंदाज पुन्हा गार्ड घेतो. सिद्धेशचे हात मऊ आहेत. चेंडू बॅटला लागतो आणि तिथेच पायाशी मरतो, पुढे उडत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू तो सोडतो, पुढचाही सोडतो. धावा येतात त्या गोलंदाज कंटाळून चुकतो तेव्हा. फलक हलेनासा होतो आणि तुम्हाला जांभई येऊ लागते. ती आवरा. चहापानानंतरचा हा तास म्हणजे या माणसाचं आयुष्यभराचं काम आहे.

सूर्य समुद्राकडे कलतो तेव्हा मुंबई ७ बाद २६० वर आहे आणि सामना अनिर्णित. सिद्धेश नाबाद ७१, चेंडू २३८. म्हणजे जवळपास ४० षटकं एकट्याने खेळून काढली. या खेळीसाठी कोणी फटाके लावत नाही. पण पाचशेव्या सामन्याला लागू पाहणारा डावाच्या पराभवाचा डाग या २३८ चेंडूंनी पुसला, आणि मुंबईच्या क्रिकेटचा खडूसपणा म्हणतात तो या एका दिवसात पुरता दिसतो. पुढच्या ऑक्टोबरात विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबई दिल्लीविरुद्ध ४ बाद ४० झाली, तेव्हाही आदित्य तरेबरोबर उभं राहून ४८ धावा काढणारा हाच. तिथे फार थांबू नका, चला.

१० एप्रिल २०१९, पुन्हा वानखेडे, पण यावेळी दिवे लागलेत आणि खुर्च्या भरलेल्या आहेत. मुंबई इंडियन्सने सिद्धेशला २०१५ मध्येच संघात घेतलं होतं. त्यानंतरचे चार मोसम तो पाणी देतो, नेटमध्ये चेंडू खेळतो, हॉटेलांत राहतो. दोनदा संघ विजेता होतो आणि याला एकही सामना मिळत नाही. आदल्या दिवशी सरावात रोहितचा पाय दुखावलाय. २०११ पासून या संघासाठी एकही सामना न चुकवलेला कर्णधार आज बाहेर आहे आणि त्याच्या जागी सलामीला येतोय त्याच्या गुरूचा मुलगा. समोर पंजाबच्या १९७ धावा. अंकित राजपूत धावत येतो आणि सिद्धेश आयपीएलमधला पहिलाच चेंडू सीमारेषेपलीकडे भिरकावतो. षटकार! तुमच्या शेजारचा माणूस विचारतो, ‘हा कोण?’ तुम्ही सांगा त्याला, गहुंजेचं सांगा, बडोद्याचं सांगा. वेळ थोडा आहे, कारण १३ चेंडूंत १५ धावा करून तो बाद होतो. नंतर पोलार्ड ३१ चेंडूंत ८३ ठोकून सामना ओढून आणतो आणि शेवटच्या चेंडूवर मुंबई जिंकते. पुढच्या सामन्यात रोहित परततो, सिद्धेश पुन्हा बाकावर. पुढे त्याला कोलकात्याच्या संघाकडे दिलं जातं. तिथेही सामना मिळत नाही.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूला दहा दिवसांच्या करारावरही घेतात. दहा दिवस एका शहराची जर्सी, मग पुढचं शहर. आपल्याकडे शहर क्वचित बदलतं, पण टांगलेपण तेच. रणजीपटूचं पोट सामन्याच्या मानधनावर चालतं. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे रणजी झालीच नाही. १९३४-३५ पासूनच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं. नुकसानभरपाई म्हणून भारतीय क्रिकेट मंडळाने निम्मं मानधन जाहीर केलं आणि पुढच्या मोसमापासून ४० हून अधिक सामने खेळलेल्यांसाठी दिवसाला ६०,००० रुपये ठरवले. रक्कम मोठी दिसते, पण ती खेळलेल्या दिवसांची असते. संघातून वगळलं की ती शून्य होते.

आणि वगळलंच, की दुसऱ्या राज्याचं दार ठोठावायचं. प्रत्येक राज्याला तीन पाहुणे व्यावसायिक खेळाडू घेता येतात. त्यासाठी आपल्या संघटनेकडून ना हरकत पत्र लागतं. मुंबईचे अमोल मुजुमदार याच वाटेने आसामला आणि आंध्रला गेले. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताची टोपी नाही. २०२२ च्या डिसेंबरात तुम्ही पर्वरीच्या मैदानावर या. सिद्धेश गोव्याच्या टोपीत आहे. अर्जुन तेंडुलकरही याच मोसमात मुंबई सोडून इथे आलाय. परकी ड्रेसिंग रूम आणि वय तिशीपार. गावी परत बोलावतील याची खात्री कुणीच दिलेली नसते. त्याच वर्षी दिनेश लाड यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झालाय. बातम्यांत रोहितचं नाव येतं, शार्दूलचं येतं. मला त्या बातम्यांत तिसरंही नाव हवं होतं.

शेवटची फेरी. नोव्हेंबर २०२४, वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान, समोर ओडिशा. बत्तिसाव्या वर्षी सिद्धेश पुन्हा मुंबईच्या टोपीत. श्रेयस अय्यर एका टोकाने गोलंदाजी फोडून काढतोय, २३३ करतो. दुसऱ्या टोकाला चेंडू पायाशी मरताहेत, ऑफ स्टंपबाहेरचे सोडले जाताहेत. चौथ्या विकेटची भागीदारी ३५४ पर्यंत जाते. अजिंक्य रहाणे ४ बाद ६०२ वर डाव घोषित करतो, सिद्धेश १६९ वर नाबाद. मुंबई डावाने जिंकते. उद्याच्या वर्तमानपत्रात मथळा श्रेयसचा असेल आणि तो त्याचा हक्कच आहे. तुम्ही मात्र खालचा धावफलक बारीक अक्षरांतला वाचा, आणि मुंबईचा पुढचा रणजी सामना कुठे आहे तेवढं बघून ठेवा.