अंगठ्याच्या मुळाचा संधिवात : कोणते ऑपरेशन कोणासाठी?

बरणीचे झाकण उघडताना, कणीक मळताना, कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. घरात अम्मी किंवा खाला अशी तक्रार करतात, तेव्हा आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. पण हे दुखणे बऱ्याचदा सांध्याच्या झिजेचे असते. मनगटाजवळचे ट्रॅपिझियम नावाचे छोटे हाड आणि अंगठ्याचे हाड यांच्यामधली कूर्चा झिजते. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा त्रास जास्त दिसतो.

पहिला उपाय ऑपरेशन नव्हे. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, व्यायाम, वेदनाशामक औषधे आणि गरज पडल्यास सांध्यात इंजेक्शन, हे आधी करून बघतात. एक्स-रे खराब दिसला म्हणून घाई नको. झीज बरीच असूनही काहींना त्रास कमी असतो. काही महिने उपचार करूनही रोजची कामे अडत असतील, तरच ऑपरेशनचा विचार करावा. त्याचे मुख्य प्रकार असे :

१. हाड काढणे : झिजलेले ट्रॅपिझियम पूर्ण काढतात. हे सर्वांत जुने आणि साधे ऑपरेशन. दुखणे चांगले कमी होते. अंगठा थोडा आखूड होतो आणि ताकद सावकाश येते.

२. हाड काढून टेंडन बसवणे : रिकाम्या जागी मनगटाजवळच्या टेंडनचा भाग वापरून अंगठ्याला आधार देतात. हे जगभर खूप केले जाते, पण त्याला वेळ जास्त लागतो आणि चीरही मोठी पडते.

३. सांधा जोडून टाकणे : दोन्ही हाडे कायमची जुळवतात. पकड मजबूत राहते, म्हणून अंगमेहनत करणाऱ्या तरुण रुग्णांसाठी याचा विचार होतो. मात्र तळहात सपाट टेकवणे अवघड जाते. कधी हाडे जुळतच नाहीत.

४. कृत्रिम सांधा : हात लवकर कामाला लागतो. पण सांधा सैल होणे, निखळणे आणि पुन्हा ऑपरेशन लागणे हे धोके आहेत. खर्चही जास्त येतो.

मग सर्वांत चांगले कोणते? या ऑपरेशनांवरचे अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन संस्थेने २०१५ साली निष्कर्ष काढला, की दुखणे किंवा हाताचे काम यांबाबत एखादे ऑपरेशन दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणजे महागडे ते चांगले, असे समजू नका. आपले काम, वय आणि धोका पत्करण्याची तयारी पाहून ठरवा.

हाड काढल्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा असतो. पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. प्लास्टर असताना वुजू करताना त्यावर मसह करण्याची सवलत आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. सांधा जोडायचा असेल, तर सजद्यात हात कसा टेकेल हेही डॉक्टरांना आधीच विचारा.

हाताच्या सर्जनना तीन प्रश्न जरूर विचारा : माझ्यासाठी हेच ऑपरेशन का? साधा पर्याय चालेल का? ते फसले तर पुढे काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला संकोच करू नका, असे आम्ही सुचवतो.